कुरुपाचं गाऱ्हाणं

रत्नागिरी,
चैत्र वद्य चतुर्थी, १९८५

ती. स्व. दत्तोपंत यांना गोपाळकृष्णाचा साष्टांग नमस्कार वि. वि. (डावा पाय डॉक्टरांच्या हुकुमावरून दोन उशांवर असल्यामुळे सध्या सातच अंगांचा नमस्कार पोचतोय. आठवं अंग खाली उतरलं की राहिलेला पाठवीन.) तुमचा दमा कसा आहे? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? साताऱ्याला आता ऊन तापायला लागलं असेल, तेव्हा भर दुपारी किल्ल्यावर फिरायला जाण्याचं वेड या वर्षी तरी आवरा. इकडे सर्व ठीक. आंबा यंदा बरा धरलाय, तुमच्या बहिणीची, मालिनीची, प्रकृती उत्तम आहे, गाय व्याली, पाडी झाली. आणि मला कॅन्सर आहे.

तुम्ही दचकला नाहीत, हे मला इथून दिसतंय. दचकला असतात तर मी तुम्हाला सगळं माफ केलं असतं. पण तुम्हाला हे दिवाळीपासून माहीत आहे. वहिनींना माहीत आहे. आमच्या बागेचा राखणदार बाबल्या, ज्याला स्वतःच्या पोरांची वयं माहीत नाहीत, त्याला माहीत आहे. शेजारच्या मथुराकाकूंना माहीत आहे, म्हणजे खाडीपलीकडेसुद्धा माहीत असणार. मला गेल्या मंगळवारी कळलं. पाय माझा, रोग माझा, आणि बातमी पोचायला मी शेवटच्या घरचा! अहो, लग्नाची तारीख ठरली तर ती निदान नवऱ्या मुलाला तरी सांगतात. धक्का मला रोगाचा जास्त बसलाय की तुम्हा सगळ्यांचा, हे अजून ठरवता येत नाहीये. म्हणून पहिल्यापासून लिहितो. लिहिता लिहिता कुठे फसलो ते मलाही कळेल.

तर टाचेखाली मसुरीएवढा काळा डाग दिसला तो गेल्याच्या गेल्या वर्षी. आता आमच्या या कोकणात तळपायावर काळा डाग असणं म्हणजे काही बातमी नव्हे. काजूच्या बिया भाजताना चीक उडतो, जिथे पडेल तिथलं कातडं जळतं, काळं होतं, आणि पंधरवड्याने सालपटासारखं निघून जातं. मी जन्मभर बागेत अनवाणी हिंडलेला माणूस (चपला घालून कलमांत शिरणाऱ्या बागायतदाराला माझे वडील पाहुणा म्हणत), तेव्हा असे डाग आले किती, गेले किती. हा मात्र गेला नाही. पुढे जरा टणक झाला, दुखायला लागला. बाबल्याने पाय मांडीवर घेऊन निकाल दिला, "अण्णानू, ह्ये कुरूप हाय. बिबा घातला का मुळासकट येतां बगा." घातला. बिब्याचं गरम तेल टाचेवर पडल्यावर मी जी आरोळी ठोकली ती ऐकून मथुराकाकू ताक तसंच टाकून आल्या. बिब्याचा गुण असा की तो स्वतःच काळा डाग पाडतो. म्हणजे काळ्यावर काळं. पुढे तो डाग पसरत गेला तरी आम्ही बिब्याचीच वाहवा करत बसलो. बाबल्या म्हणे, औषध लागू पडतंय.

रक्त यायला लागलं तेव्हा तुमच्या बहिणीने मला ओढत गावातल्या डॉक्टरकडे नेलं. त्याने भिंगातून टाच पाहिली आणि तो काहीच बोलला नाही. डॉक्टर गप्प बसला की पेशंटने घाबरावं, एवढं मला कळायला हवं होतं. मला वाटलं, बिबा घातल्याबद्दल रागावलाय. त्याने मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली. तिथे टाचेचा तुकडा काढून तपासला, शिकाऊ डॉक्टरांची एक अख्खी पंगत माझ्या तळपायाभोवती बसली, आणि मोठे डॉक्टर मालिनीला बाहेर घेऊन गेले. ती परत आली तेव्हा पदराने तोंड पुसत होती (मुंबईत उकडतं हो फार). मी म्हटलं, ते मघाशी मेलॅनोमा मेलॅनोमा म्हणत होते ते काय? ती म्हणाली, मुळापर्यंत गेलेलं कुरूप. मी मान डोलावली. इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई माझ्याशी कधी खोटं बोलल्याचं मला माहीत नाही. (हे वाक्य आता पुन्हा वाचलं. माहीत नाही, एवढंच त्यात खरं.)

आणि दत्तोपंत, लिहायला लाज वाटते, पण मी त्या शब्दाची मिजास केली. परत आल्यावर न्हाव्याकडे, बँकेत, मासळीबाजाराच्या नाक्यावर, जो कोणी पायाची पट्टी बघून विचारील त्याला छाती काढून सांगायचो की साधंसुधं कुरूप नव्हे, मेलॅनोमा आहे! आमच्या घराण्यात सर्दीसुद्धा कोणाला साधी झाली नाही. बँकेत एक शिकलेले गृहस्थ हे ऐकल्याबरोबर उठले आणि मला स्वतःची खुर्ची देऊन निघून गेले. मला मान दिला असं मी समजलो. बांधावरच्या फणसावरून शेजारचा विठू माझ्याशी वीस वर्षं भांडतोय हे तुम्हाला ठाऊक आहेच. तो एके सकाळी आपण होऊन आला आणि म्हणाला, अण्णा, फणस तुमचाच. मी न्यायाचा विजय झाला म्हणून पेढे वाटले. विठूने पेढा घेतला आणि डोळे पुसले. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही! बाबल्या न सांगता पहाटे बागेत हजर राहायला लागला, तेव्हा तरी पडायला हवा होता.

ऑपरेशनची हकीकत तुम्हाला कळवलीच होती, पण त्या पत्रात मी धीर दाखवला होता, आता खरं लिहितो. टाचेचा चांगला वाटीएवढा भाग कापून काढला आणि मांडीचं कातडं सोलून तिथे बसवलं. म्हणजे मी आता चालतो तो एका बाजूने मांडीवर चालतो. या मांडीला जमिनीची सवय नाही. बिचारी जन्मभर धोतरात वाढलेली, तिला एकदम कातळावर उभी केली. खडा टोचला तर टाच ओरडते आणि हात मात्र मांडीकडे जातो. शिवाय जांघेतल्या गाठी काढल्या. (कुरुपाला जांघेतल्या गाठी कशाला, असं मी विचारलं होतं. मालिनी म्हणाली, मुळं तिथवर गेलीत. मला वडाची मुळं आठवली आणि पटलं.) गाठी गेल्यापासून पाय खांबासारखा सुजतो, म्हणून तो दिवसातून निम्मा वेळ उशांवर. आता पाय वर करून निजायचं तर कुठल्या दिशेला? पूर्वेला देवघर. दक्षिणेला वडिलांची तसबीर. पश्चिमेला दार, तिथून येणारे-जाणारे, त्यांना उंबऱ्यातच माझा तळपाय आशीर्वाद देतो. शेवटी उत्तरेकडे केला, तर तिकडे खिडकी आणि खिडकीत मथुराकाकू. त्या म्हणाल्या, गोपाळा, हा हत्तीपाय आहे, आमच्या काकांना होता. त्यांना तेव्हा खरं माहीत होतं! नुसतं माझं मन रमवायला म्हणून हत्तीपाय म्हणाल्या. माणसं काय काय म्हणून दिलासा देतील, सांगता येत नाही.

हे सगळं परवडलं, पण बाटली नको. दर महिन्याला मुंबईस जायचं, पाच दिवस रोज शिरेतून बाटली लावून घ्यायची, आणि बाटली अर्धी व्हायच्या आत पोटातलं, आतड्यातलं आणि मला वाटतं मागच्या जन्मातलंही सगळं बाहेर. दत्तोपंत, मी एसटीने घाट ओलांडलेला माणूस आहे, ओकारी मला नवी नाही, पण ही ओकारी नव्हे, हा अंगात संचारलेला प्रकार आहे. पोटात काही उरलं नाही तरी पोट ऐकत नाही. मालिनी एका हाताने भांडं धरते, दुसऱ्याने कपाळ. परत आल्यावर हाडं मोडून ताप. तोंडाला सतत कथलाची चव, जणू नवी कल्हई चाटतोय. त्यात डॉक्टरांनी बजावलंय की या औषधावर असताना उन्हात जायचं नाही, कातडं भाजून निघेल. चैत्रात! आंब्याच्या बागायतदाराला! मी एकदाच ऐकलं नाही, तर मान आणि कान असे लाल झाले की बाबल्या म्हणाला, अण्णा पाडाला लागले. तेव्हापासून लांब बाह्यांचा सदरा, कानावरून उपरणं आणि वर छत्री असा मी संध्याकाळी बागेत निघतो. पोरं विचारतात, आजोबा, पाऊस कुठे आहे?

आणि सगळ्यात भयंकर ते आता सांगतो, मनाची तयारी करा. मला हापूसचा वास सोसत नाही. ज्या वासाने आमच्या चार पिढ्या जगल्या, त्या वासाने पोट ढवळतं. गेल्या आठवड्यात लांज्याचा व्यापारी आढी बघायला आला. मी मोठ्या रुबाबात गवत बाजूला केलं, पहिल्या पिकल्या फळांचा वास वर आला, आणि मी त्याच्यादेखत आढीवरच... पुढचं लिहीत नाही. व्यापारी दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, अण्णा, मालकालाच ओकारी येते, असा कसा माल? त्याची समजूत पटवायला तुमच्या बहिणीने त्याच्यासमोर उभ्या उभ्या चार आंबे खाल्ले. तरी गावभर झालंच की गोपाळकृष्णाचा आंबा नासला. मी त्या दिवशी ओटीवर बसून पेज पीत होतो, समोर माझाच आंबा पेट्यांत भरला जात होता, आणि मला वाऱ्याची बाजू बघून बसावं लागत होतं. मग माझं डोकं फिरलं. मी मालिनीला बोलावून सांगितलं, एका टिचभर कुरुपासाठी हे सगळं? बास झालं. राहिलेल्या बाटल्या डॉक्टरने स्वतःला लावून घ्याव्यात. मी मुंबईला जाणार नाही, उचलून नेलंत तर वाटेत उडी मारीन. मला वाटलं, ती भांडेल. तिने माझ्यासमोरची पेजेची वाटी उचलली. मग आत गेली. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली की हंगाम सुरू झाला, ग्रामदेवतेला नारळ द्यायचा राहिलाय, मंगळवारी जाऊन येऊ. मी मुंबई टळली या आनंदात हो म्हटलं.

तुम्ही घाटावरचे असलात तरी लहानपणी आजोळी गाऱ्हाणं ऐकलं असणार. गुरव देवापुढे नारळ धरून आपली सगळी हकीकत खड्या आवाजात सांगतो, आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. त्यात आडपडदा चालत नाही. आमचा रावजी गुरव तर या बाबतीत फार कडक. अर्धवट सांगितलं तर देव भलतंच करून ठेवतो असं तो म्हणतो. मागे कोणी लाजून नुसतं 'पोटाचं दुखणं' एवढंच सांगायला लावलं होतं, तर म्हणे शेजाऱ्याचा पोटशूळ बरा झाला. तर मंगळवारी देवळात वाडीतली बरीच माणसं होती. (इतकी का, हा प्रश्नही मला पडला नाही. मी पूर्वीपासूनच लोकप्रिय आहे असा माझा समज.) रावजीने नारळ उचलला आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! बारा वाड्यांच्या राखणदारा! आज ह्यो तुजा लेकरू गोपाळकृष्ण, बायकोला घेवन तुज्या पायाशी हुबा हाय, म्हाराजा!" व्हय म्हाराजा! "तेच्या बागंवर वारा-वादळ येवंदे नको, म्हाराजा!" व्हय म्हाराजा! मीही तालात आलो. म्हणायला लागलं की जीभ आपोआप जाते हो. आणि मग तो त्याच आवाजात, त्याच चालीवर म्हणाला, "तेच्या डाव्या पायाला क्यान्सर झालाय, म्हाराजा!"

सगळं देऊळ एका आवाजात म्हणालं, "व्हय म्हाराजा!" आणि त्यात मीही होतो.

मी म्हणून टाकलं, दत्तोपंत! स्वतःच्या कॅन्सरला, हात जोडून, खणखणीत दुजोरा दिला. शब्द तोंडातून गेल्यावर त्याचा अर्थ डोक्यात शिरला. मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी दचकलेलं नव्हतं. ते माझ्या जास्त जिव्हारी लागलं. विठू, मथुराकाकू, बाबल्या, सगळे खाली बघत होते, जसे शाळेत कोणाला छडी बसताना बाकीचे बघतात तसे. गाऱ्हाणं मध्ये तोडता येत नाही, तो देवाचा अपमान, म्हणून मला तिथेच उभं राहून पुढचंही ऐकावं लागलं. "मुंबयच्या डाकतरान इलाज सांगितलाय, तो ह्यो करीत नाय म्हनतो, म्हाराजा!" व्हय म्हाराजा! म्हणजे चहाडीसुद्धा देवापर्यंत पोचली! "तेला बुद्दी दे, आनि तेला तेच्या बागंत हिंडता-फिरता ऱ्हावंदे, म्हाराजा!" या वेळी 'व्हय म्हाराजा' बाकीच्यांनीच म्हटलं. नारळ फुटला, रावजीने अर्ध्या नारळाची कवड माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

घरी येईपर्यंत मालिनी पुढे आणि मी छत्रीखाली मागे. ओटीवर पोचल्यावर ती पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहिली. तिचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. मी म्हटलं, रावजी काय काय बोलत होता कोण जाणे, माझं सगळं लक्ष नारळ कसा फुटतो त्याकडे. ती म्हणाली, हो ना, माझंही. मी म्हटलं, पुढची खेप कधी आहे मुंबईची? हे कुरूप मुळासकट गेलेलं बरं. ती हो म्हणाली आणि आत गेली. तिला वाटतंय, मला काही कळलं नाही. वाटू दे. दिवाळीपासून ही बाई माझ्यासाठी ते ओझं एकटीने वागवतेय, भांडं धरतेय, नको असताना आंबे खातेय आणि मला हसवतेय. तिचा एवढा खटाटोप मी एका वाक्याने पुसून कसा टाकू? मी जाणार आहे. राहिलेल्या सगळ्या बाटल्या घेणार आहे. ओकीन, पण घेईन. मात्र तुमच्यावरचा राग आहे तसाच आहे. दर पत्रात 'कुरुपास जपावे' असं लिहिताना तुमचा हात कसा कापला नाही? आणि मला आता रोज सकाळी जाग आली की पहिली दोन मिनिटं काही आठवत नाही, मग आठवतं, आणि मी पंखा बघत पडून राहतो. मला भीती वाटते. हे लिहिण्यासारखं माणूस तुमच्याशिवाय मला नाही, म्हणून रागावून का होईना, तुम्हालाच लिहितोय.

वहिनींना नमस्कार, आणि घरात माझ्याहून लहान जे कोणी असतील त्यांना माझ्या उजव्या, चांगल्या पायाचे आशीर्वाद.

आपला,
गोपाळकृष्ण

ता. क. : या खेपेला माझ्याबरोबर मुंबईला मालिनीऐवजी तुम्ही चला. तुमचं तिकडे काहीतरी काम निघालंय असं मालिनीला कळवा. प्रवासभर तिच्याशेजारी बसून काही माहीत नसल्याचं सोंग मला जमेल, पण बाटली चढायला लागली की माणूस काय बरळेल त्याचा नेम नाही. तिच्यासमोर माझ्या तोंडून ते निघून गेलं तर तिचं काय होईल? खरं म्हणजे या पत्रात एवढंच लिहायचं होतं. बाकीचं वाढत गेलं.

ता. क. २ : हे पत्र मालिनीच्या दृष्टीस पडलेलं नाही, तेव्हा उत्तरात पूर्वीसारखं कुरूपच लिहा. पाकिटाचा डिंक वाळून गेलाय, भाताची शितं लावून चिकटवतोय. उन्हात मला जायचं नसल्यामुळे पेटीत टाकायला तिच्याकडेच देणार. तिला सांगितलंय की तुम्हाला कलमं बांधण्याविषयी सविस्तर माहिती हवी आहे.

ती. दादास मालिनीचा नमस्कार. शितं ओली होती, पोस्टाच्या वाटेवर पाकीट आपोआप उघडलं असं मी म्हणणार आहे. कलमांविषयी हे कधी इतकं लांब लिहीत नाहीत, म्हणून पोस्टाच्या बाकावर बसून सगळं वाचलं आणि तिथूनच हे लिहितेय. रावजी मनाने काही बोलला नाही. त्याला मी आदल्या दिवशी जाऊन सांगितलं होतं, रोगाचं नाव घे आणि मोठ्याने घे. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की ते औषध सोडायला निघाले तर त्यांना खरं सांगा. मी चहा घेऊन समोर गेले, परत गेले, आणि दर वेळी 'साखर बेताची आहे ना' एवढंच तोंडातून आलं. माझ्याच्याने होईना, म्हणून देवाच्या गळ्यात घातलं. हे म्हणतात लक्ष नारळाकडे होतं. यांनी हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हटलेलं मी शेजारी उभी राहून ऐकलं, दादा. घरी येऊन यांनी मला सावरायला खोटं सांगितलं, आणि मी तसंच खोटं परत दिलं. त्या दिवसापासून आम्ही दोघं एकमेकांना कुरूप कुरूप म्हणतोय.

तू जरूर ये. पण मुंबईला मीच जाणार. बाटलीखाली ते काय बरळतील ते दुसऱ्या कोणी ऐकायचं नाही. तू फक्त आल्या आल्या, हातपाय धुवायच्याही आधी, आम्हा दोघांसमोर त्या रोगाचं नाव एकदा घे. आमच्यापैकी कोणाच्याही तोंडून ते निघत नाही, आणि ते निघाल्याशिवाय मला यांच्यासमोर रडता येत नाही.

मालिनी